सातवा रकाना

लष्कर, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर १९३४

तीर्थस्वरूप नानामामांस,
वनमालेचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण दहा दिवस मी पेपर तपासत होते आणि त्यातले शेवटचे चार दिवस नुसती संतापत होते. तुम्ही उज्जैनला निवृत्त होऊन सुखात बसलात. आता तुमच्यापुढे ना पेपरांचे ढीग, ना लाल शाई. म्हणून माझे रडगाणे तुम्हालाच ऐकवते. पदार्थविज्ञान तुम्हीच शिकवलेत, तेव्हा भोगा.

आमच्या कन्याशाळेत विज्ञान सुरू होऊन हे तिसरे वर्ष. मिडलच्या वरच्या वर्गात माझ्या एकतीस मुली आहेत. सहामाहीचा पेपर कचेरीतून छापून येतो, पाकिटात नमुना उत्तरेही येतात. पेपर कोण काढतो ते गुप्त. आम्ही फक्त नमुना पाहून खुणा करायच्या. कचेरीतले परीक्षांचे अधिकारी तात्यासाहेब यांनी मला तोंडावर सांगितले आहे की वार्षिकात साठ गुण मिळवणाऱ्या मुलीलाच पुढे विज्ञान घेता येईल, आणि अशा दहा मुली निघाल्या नाहीत तर जुलैपासून विज्ञान बंद, त्या तासाला शिवण. सहामाहीत साठच्या वर गेल्या फक्त सहा.

मुलींना येत नाही, हे मी मानायला तयार नव्हते. म्हणून पाटणकर बाजारातून मोठा कागद आणला आणि तक्ता आखला. डावीकडे मुलींची नावे, हुशार वर आणि कच्च्या खाली. आडवे दहा रकाने, दहा प्रश्नांचे. बरोबर उत्तराला ठिपका, चुकीला फुली. नऊ रकान्यांत ठिपके वर दाट आणि खाली विरळ आहेत. असेच असायला हवे ना? ज्यांना समजते त्यांना जमते. सातवा रकाना मात्र डोक्यावर उभा आहे! वरच्या दहा मुलींत आठ फुल्या आणि खालच्या दहांत नऊ ठिपके. प्रश्न असा:

‘वैशाखात बाहेर लू वाहत आहे. माठातले पाणी अधिक गार व्हावे म्हणून माठ बंद कोठीत ठेवाल की ओसरीवर सावलीत, वाऱ्याच्या तोंडी? कारण लिहा. गुण वीस.’

नमुना उत्तर म्हणते, बंद कोठीत, कारण गरम वारा पाण्याला उष्णता देतो. पुस्तकातही हीच ओळ आहे आणि खालच्या नऊ मुलींनी ती स्वल्पविरामासकट उतरवली आहे. आता माझ्या शरयूचे उत्तर पाहा. तिचे घराणे शिलेदारांचे, वडील शिवाजीराव हल्ली वीजघरात नोकरीला आहेत. ती लिहिते, ‘ओसरीवर, ओला फडका गुंडाळून. लू कोरडी असते, त्यामुळे माठाच्या अंगावरचे पाणी भराभर उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते.’ मामा, या उत्तरावर मी माझ्या हाताने फुली मारली. वीसपैकी शून्य.

कोण आहे हा पेपर काढणारा? ग्वाल्हेरचा उन्हाळा याने कधी पाहिला आहे का? भेटला तर त्याला जेठात आमच्या ओसरीवर बसवून सुराहीतले पाणी पाजीन.

तुमची
वनमाला


उज्जैन
२४ नोव्हेंबर १९३४

चि. वनमालेस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. लहानपणी पाटी फुटली की तू पाटीवर रागवायचीस, ते आठवले.

पेपर काढणारा कोणी का असेना, तो काही झोपेत प्रश्न लिहीत नसेल. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, हे मी तुला तू आठ वर्षांची असताना शिकवले. एकशेआठ अंशांचा वारा माठाला लागला तर माठ तापेल की निवेल? तुझ्या शरयूने घरातली समजूत लिहिली आहे. घरातल्या समजुती काढून टाकायलाच आपण विज्ञान शिकवतो.

दुसरे असे, की तक्ता चांगला आखलास, पण त्यातून निकाल फार लवकर काढलास. एकतीस मुली म्हणजे मूठभर. शिवाय त्या सगळ्या तुझ्याच हाताखालच्या. रकाना उलटा आला याचे दोन अर्थ होतात. एक, प्रश्न वाकडा आहे. दोन, बाई वाकडे शिकवतात आणि लक्ष देणाऱ्या मुली तेवढे नेमके शिकतात. यातले खरे कोणते, हे एका वर्गावरून कळणार नाही. दुसऱ्या मास्तरांच्या मुलांचे पेपर मिळव, मग मला लिही.

तब्येत बरी आहे. खोकला आहे.

नाना


लष्कर
१९ जानेवारी १९३५

ती. स्व. नानामामांस साष्टांग नमस्कार.

‘बाई वाकडे शिकवतात’ हे वाक्य आठ दिवस माझ्या घशात अडकले होते. मग गिळले आणि मुरारला गेले. तिथल्या मुलांच्या शाळेत माधवराव विज्ञान शिकवतात. ते माझे नातलग नव्हेत की शिष्य नव्हेत, उलट मुलींना विज्ञान कशाला असे म्हणणाऱ्यांपैकी आहेत. त्यांच्या बेचाळीस मुलांचे पेपर तीन दिवस त्यांच्या शाळेत बसून उतरवून घेतले. सातवा रकाना तिथेही उलटा! वरच्या दहांत सात फुल्या, खालच्या दहांत आठ ठिपके. माधवराव तक्ता बघत राहिले. म्हणाले, “बाई, ही फुली मी डोळे मिटून देत आलोय नऊ वर्षं. सोचा ही नहीं कभी.”

एक गोष्ट कबूल करते. तुमच्या बोलण्याने मी स्वतःचे रकानेही तपासले. पाचवा प्रश्न, पंपाची आकृती काढा, मला फार आवडायचा. त्यात ठिपके मिळाले ते ज्यांची चित्रकला चांगली त्यांना. शामलेला पंपातला झडपेचा खेळ तोंडी अचूक सांगता येतो, पण तिचा पंप घागरीसारखा दिसतो म्हणून मी तिला निम्मे गुण दिले होते. म्हणजे मीही समज मोजत नव्हते, रेघ मोजत होते. लाज वाटली.

दोन्ही तक्ते घेऊन महाराजवाड्याजवळच्या कचेरीत तात्यासाहेबांकडे गेले. दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा म्हणाले, “बाई, तुम्ही पढाई बघा. नापने का काम आमचं आहे.” मी उठलेच नाही. शेवटी कंटाळून त्यांनी शब्द दिला. वार्षिकाला असा प्रश्न पुन्हा आला आणि रकाना पुन्हा उलटा निघाला तर तो प्रश्न रद्द करू, गुण नव्याने लावू. आणि तसा निघाला नाही तर मी पुन्हा कचेरीची पायरी चढायची नाही.

आता थंडी आहे, लू नाही. नाहीतर दोन माठ आणि तुमचे थर्मामीटर घेऊन आजच खरे-खोटे करून दाखवले असते. तोवर माझ्यापाशी या रकान्याशिवाय पुरावा नाही. मामा, तुमच्या नावाला कचेरीत वजन आहे. चार ओळी लिहून द्याल का?

वनमाला


उज्जैन
६ फेब्रुवारी १९३५

चि. वनमालेस आशीर्वाद.

चार ओळी लिहून देणार नाही. कारण विचारू नकोस.

मुरारचा तक्ता पाहिला. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

एवढेच सांगतो, आणि हे वडीलकीच्या नात्याने सांगतो. वार्षिकाला जे यायचे ते येईल. मुलींना त्या प्रश्नाबद्दल एक अक्षर सांगू नकोस. कोठी नको आणि ओसरीही नको. त्यांना जे वाटते ते लिहू दे.

नाना


लष्कर
२९ एप्रिल १९३५

ती. स्व. नानामामांस साष्टांग नमस्कार.

वार्षिक परीक्षा झाली. पेपर तपासून कचेरीत दिले. सातवा प्रश्न पुन्हा आला होता, शब्द थोडे वेगळे होते, गुण तेच. एकतीस मुलींत तीस ठिपके, एक फुली. साठच्या वर चौदा मुली गेल्या. वर्ग वाचला. तात्यासाहेबांनी तक्ता मागितला, मी सही करून दिला. ते हसून म्हणाले, “देखा बाई?”

माझेच चुकले असावे. तुम्ही म्हणत होता ते बरोबर.

इकडे ऊन फार आहे. जास्त लिहवत नाही.

वनमाला


उज्जैन
८ मे १९३५

चि. वनमालेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मला किती मोकळे वाटले ते आता सांगता येईल. वनमाले, तो पेपर काढणारा मीच. निवृत्त झालो तरी नऊ वर्षे हे काम माझ्याकडे आहे आणि नाव सांगायचे नाही अशी लेखी अट आहे. तुझ्या पहिल्या पत्राने माझा तिळपापड झाला होता. मुरारचा तक्ता आला तेव्हा मात्र पायाखालची जमीन हलली. नऊ वर्षे मी हुशार मुलांना शून्य देत आलो की काय, या विचाराने महिनाभर जेवण गोड लागले नाही. म्हणून मी तोच प्रश्न वार्षिकाला मुद्दाम पुन्हा घातला. माझा मान राहो की जावो, एकदा सोक्षमोक्ष व्हावा. मुलींना काही सांगू नकोस, असे तुला म्हटले ते त्यासाठीच.

आता शंका फिटली. पुस्तक नीट शिकवल्यावर मुलींना ते समजले. मी कचेरीला लिहिले आहे की हा प्रश्न कसोटीला उतरला आहे, तो पुढील वर्षापासून संस्थानातल्या सर्व शाळांच्या पेपरात कायम ठेवावा.

ती एक फुली कोणाची? तिच्याकडे लक्ष दे. ती कच्ची राहिली आहे.

नाना


लष्कर
१५ मे १९३५

नानामामांस नमस्कार.

ती फुली शरयूची.

तुमचे पत्र मी हातातून खाली टाकले, पुन्हा उचलले, पुन्हा टाकले. माझा सगळा राग मी तुमच्यापाशी ओतत होते आणि तुम्ही तो वाचून खोकल्याच्या बातम्या लिहीत होता! एका ओळीत सांगितले असतेत, प्रश्न माझा आहे, खरे काय ते मलाही पाहायचे आहे, तर मी जे केले ते केले नसते. सांगू नकोस म्हणालात, ते मी असे वाचले की मामा त्या पेपरवाल्याच्या बाजूचे आहेत आणि माझ्या मुली नापास झाल्या तरी त्यांना चालेल.

आता मी काय केले ते ऐका. मार्चअखेर शिवणाची सहा यंत्रे खोक्यांतून आली आणि आमच्या वर्गाच्या दारातच रचून ठेवली गेली. रोज त्यांना वळसा घालून मुली वर्गात यायच्या. माझा धीर सुटला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वर्गात सांगितले, माठाचा प्रश्न आला तर ‘कोठी’ लिहा, पुस्तकातली ओळ लिहा.

शामला म्हणाली, “बाई, पण तुम्हीच तर म्हणाला होता ना, जो दिसतं ते लिहायचं?”

मी म्हटले, “हा पेपर आहे. घर नाही.”

शरयू उभी राहिली. “और सच क्या है, बाई?”

मी म्हटले, “खरं काय ते परीक्षेनंतर सांगीन. खाली बस.”

तीस जणींनी माझे ऐकले. तिने नाही ऐकले. तिने ओसरी लिहिली, कारण लिहिले, आणि बाजूला कमानीला टांगलेली सुराही काढली, शेजारी वाऱ्याचे बाण. त्यावरही मीच फुली मारली. वर्ग वाचवायचा होता ना! तिला अठ्ठावन्न गुण पडले. साठ हवेत. ज्या चौदाजणी पुढे विज्ञान घेणार त्यांच्यात ती नाही.

तुम्ही सोक्षमोक्ष करायला निघालात आणि मी तराजूत बोट घातले. मग कसले मोजमाप आणि कसला तक्ता?

वनमाला


उज्जैन
३ जून १९३५

चि. वनमालेस आशीर्वाद.

तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही. एका रकान्यात सलग तीस ठिपके दुसऱ्या कोणाच्या तक्त्यात पाहिले असते तर मला त्याच क्षणी संशय आला असता. तुझे होते, आणि मला हवे तेच सांगत होते, म्हणून नाही आला.

तुझे पत्र आले त्या दिवशी दोन सारखे माठ आणले. दोन्ही भरले, दोन्हींना ओले फडके. एक कोठीत, दार लावून. दुसरा ओसरीवर सावलीत, लूच्या तोंडी. पाच दिवस रोज दुपारी चारला थर्मामीटर बुडवून पाहिले. कोठीतला ब्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. कोठीत दमट वास कोंडलेला. ओसरीवरचा पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. ज्या दिवशी लू सर्वांत जोराची, त्या दिवशी पाणी सर्वांत गार. मोलकरीण शांताताई म्हणाली, “नाना, यात काय बघायचं? आम्हाला विचारायचं होतं.” नऊ वर्षांत मी हे एकदाही करून पाहिले नव्हते. पुस्तकातली ओळ मला इतकी रास्त वाटली की माठाला हात लावायची गरजच वाटली नाही.

कचेरीला सगळे खरे लिहून कळवले. प्रश्न काढा, माझे नाव काढा, म्हटले. उत्तर आले आहे ते असे: ‘वार्षिक परीक्षेच्या तक्त्यावरून, जो वर्गशिक्षिकेच्या सहीचा आहे, सदर प्रश्न निर्दोष दिसतो. सबब बदल नाही.’ माझ्याच शिफारशीवरून तो आता सर्व शाळांना जाणार. माझ्या माठांपेक्षा तुझा तक्ता त्यांना जड वाटतो.

तो फिरवणे फक्त तुझ्या हाती आहे. फिरवलास तर वर्ग जाईल, कदाचित नोकरीही. म्हणून फिरव असे मी म्हणत नाही. नऊ वर्षे चूक मी केली, ती तुझ्याकडून दुरुस्त करून घेण्याचा मला हक्क नाही.

नाना


लष्कर
२० जुलै १९३५

तीर्थस्वरूप नानामामांस साष्टांग नमस्कार.

तक्ता फिरवला. तात्यासाहेबांना लेखी दिले, की सातव्या रकान्यातले तीस ठिपके मुलींचे नसून माझे आहेत. त्या रकान्यात मुलीचे उत्तर एकच आहे आणि त्यावर फुली आहे.

त्यांनी माझे दोन्ही तक्ते, सहामाहीचा आणि वार्षिकाचा, शेजारी शेजारी मांडले. “पहिला तुमच्या सहीचा. दुसरा भी तुमच्या सहीचा. आता मी कशावर भरोसा करू, बाई?” मला जन्मात कोणी इतका बरोबर प्रश्न विचारला नव्हता. मी तुमचे थर्मामीटरचे आकडे पुढे केले. ते त्यांनी दोनदा वाचले, आणि मग, खरे सांगायचे तर, दिलेला शब्द पाळला. प्रश्न रद्द झाला. कुठल्याच शाळेला जाणार नाही. नोकरी राहिली, पण माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. ती योग्य आहे.

गुण नव्याने लावले, आता ऐंशीपैकी, म्हणजे साठांच्या जागी अठ्ठेचाळीस हवेत. ज्या चौदाजणी साठच्या वर होत्या त्यांचे वीस-वीस गुण गेले आणि फक्त सातजणी उरल्या. शरयूचे काहीच गेले नाही, कारण तिला त्या प्रश्नाला काही मिळालेच नव्हते. ऐंशीपैकी अठ्ठावन्न. तिच्यामुळे यादी आठजणींची झाली, आणि यादीत ती सर्वांच्या वर. पण आठ म्हणजे दहा नव्हेत. मी तात्यासाहेबांना म्हटले, दोनच कमी आहेत. ते म्हणाले, “बाई, तुम्हीच शिकवलंत ना, नीट मोजा म्हणून?”

मी रस्त्यात रडले, मामा. कचेरीजवळच्या गोरखीपासून घरापर्यंत डोक्यावरचा पदर पुढे ओढून रडत आले. खोटे बोलले तेव्हा वर्ग होता. खरे बोलले तर वर्ग नाही. हा हिशेब मला अजून पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

खोकी उघडली. विज्ञानाच्या तासाला मुली यंत्रांपुढे बसतात. तुमचे थर्मामीटर तेवढे पाठवा, मला ते वर्गात ठेवायचे आहे, कोणी विचारो न विचारो.

काल शरयूला बाजूला बोलावले. खरे काय ते परीक्षेनंतर सांगीन म्हटले होते, ते सांगितले. तुमचे पाच दिवसांचे आकडे दाखवले. माझी चूक झाली, असेही म्हटले. मग सांगितले, “गुण पुन्हा लावले, शरयू. तू पहिली आलीस.”

तिच्या हातात अर्धवट शिवलेली पिशवी होती. तिने सुई पिशवीला टोचून ठेवली आणि माझ्याकडे पाहिले.

“किसमें, बाई?”

वनमाला